‘नये’साठी जागा

आमच्या सरांना आम्ही पाठीमागे हवेशीर म्हणायचो. वेबसाइटचं कुठलंही पान त्यांच्यापुढे ठेवलं की ते खुर्चीत मागे रेलत, डोळे किलकिले करत आणि म्हणत, “हवा कमी आहे.” मग आम्ही अक्षरं बारीक करायची, काळ्याचं करडं करायचं आणि मजकुराभोवती एवढी मोकळी जागा सोडायची की कुणी तिथे सतरंजी टाकून आडवं व्हावं. त्यांचं सगळं शिक्षण इंग्रजी पानांवर झालेलं. एकदा त्यांनी मला आपल्या लिपीतल्या मथळ्याच्या अक्षरांमध्ये अंतर सोडायला लावलं. शिरोरेघ जागोजागी तुटली.

“बघा, किती मोकळं वाटतंय,” सर म्हणाले.

“छप्परच उडालंय सर, मोकळं वाटणारच.”

ते हसले नाहीत, पण अंतर काढलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या नजरेत ‘फार बोलणारी’ झाले. नाव पडलंच आहे तर ते सार्थ करावं, असं माझं मत आहे.

मग भाजलेल्या रुग्णांच्या इस्पितळाचं काम आलं. तिथला वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर स्वतः मजकूर घेऊन आल्या. त्यांना सगळ्या साइटशी फारसं देणंघेणं नव्हतं. हवं होतं ते एकच पान: घरात कुणी भाजलं तर इस्पितळात पोचेपर्यंत काय करावं आणि काय करू नये.

“आमच्याकडे लोक येतात ते जखमेवर टूथपेस्ट थापून,” सिस्टर म्हणाल्या. “आईबापच थापतात. चांगल्यासाठीच करतात बिचारे. मग ती काढताना आम्हालाच त्या लेकराला धरून ठेवावं लागतं. मला ते धरणं नको झालंय आता. पान फोनवर उघडलं की एका नजरेत कळलं पाहिजे.”

सरांनी मान डोलावली आणि पानाची मांडणी स्वतः केली. प्रत्येक सूचनेला एक चौकट. सगळ्या चौकटी एका उंचीच्या, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारख्या. मजकूर चौकटीत मावला नाही की शेवटी तीन ठिपके, आणि ठिपके दाबले की राहिलेलं वाक्य उघडणार. इंग्रजीत पान खरंच देखणं दिसत होतं. मी त्यात आपल्या भाषेतला मजकूर भरला. तो मला एव्हाना पाठ झाला होता, त्यामुळे डोळे ठिपक्यांवरून घसरत होते आणि राहिलेलं वाक्य डोकं आपोआप भरून घेत होतं.

घरी आल्यावर मी ते पान वहिनींना दाखवलं. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. कौतुक करायचं तर तोंडभर, आणि खोड काढायची तर तीही तोंडभर. त्या लसूण सोलत होत्या. लसणाचे हात पदराला पुसून त्यांनी फोन लांब धरला आणि वाचायला लागल्या.

“अक्षर आहे का मुंगीची पावलं? आणि एवढं फिकट? शाई संपली होती का तुमची? ‘भाजलेल्या जागेवर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू.’ बरं, लावू. ‘फोड आल्यास ते सुईने फोडू.’ ई, सुईने? आता डॉक्टरच म्हणतायत तर बरोबरच असेल.”

“काय वाचताय वहिनी? नीट वाचा.”

“नीटच वाचतेय. लावू आणि फोडू, असं लिहिलंय तुम्ही. चांगलं आपलेपणानं लिहिलंय, मला आवडलं.”

मी फोन हिसकावूनच घेतला. लावू आणि तीन ठिपके. फोडू आणि तीन ठिपके. मनाईच्या प्रत्येक चौकटीतून ‘नये’ गेलं होतं.

इंग्रजीत ‘डू नॉट’ वाक्याच्या तोंडाशी उभं असतं, शेपूट कापली तरी नकार शाबूत राहतो. आपला नकार शेवटी येतो, फोटोसाठी सगळे उभे राहिल्यावर धापा टाकत येणाऱ्या काकासारखा. त्याला कापलं तर नुसती बंदी उठत नाही, उलटं आमंत्रण तयार होतं. कुणीतरी मायेनं शेजारी बसून म्हणतंय, चल, आपण बर्फ लावू.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर फोन ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी इंग्रजीतलं आणि आपलं, दोन्ही पानं वरखाली करून पाहिली.

“ठिपके आहेत ना तिथे? दाबलं की पुढचं दिसतं.”

“कशानं दाबायचं सर, भाजलेल्या हातानं?”

“दुसरा हात असतो, मॅडम.”

“दुसऱ्या हातात रडणारं पोर असतं.”

मी रात्रीच घरून बदललेली मांडणी त्यांना दाखवली. अक्षर मोठं, रंग काळा, ओळींमध्ये वेलांट्या आणि मात्रा एकमेकांना धडकणार नाहीत इतपत अंतर, ठिपके रद्द. आणि ‘नये’ प्रत्येक चौकटीत स्वतंत्र ओळीवर, जाड ठशात. जेवढं वाक्य तेवढी चौकट. काही चौकटी उंच झाल्या होत्या, काही बुटक्या राहिल्या होत्या.

सरांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या दिवाणखान्यात चपला घालून आले. “हे काय आहे? एक शब्द एकटाच खाली लोंबकळतोय. ओळीत एकटा शब्द सोडायचा नाही, हा पहिला नियम आहे. आणि चौकटी बघा, वरातीत नाचल्यासारख्या. शिस्त कुठे आहे?”

“तो लोंबकळत नाही, उभा आहे. त्याच्याच जिवावर वाक्य चाललंय.”

पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी माझी मांडणी पुसली आणि आपली परत आणली.

मला हसूही येत होतं, कारण या ‘नये’शी माझं काही सख्य नव्हतं. मुलींनी मोठ्यानं हसू नये, उंबऱ्यात बसू नये, वडीलमाणसांना उलट बोलू नये. अख्खं लहानपण मी या शब्दाशी दोन हात करण्यात घालवलं, आणि आता त्याचीच वकिली करत होते. पण माझ्यावर फेकलेला ‘नये’ कधी कुणी फिक्या रंगात, बारीक अक्षरात फेकला नव्हता. तो नेहमी ठसठशीत असायचा, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा. इथे खरोखर जिथे त्याची गरज होती, तिथे तो म्हणे दिसायला वाईट.

संध्याकाळी सर म्हणाले, “सकाळी सिस्टर येतायत. त्यांनी हो म्हटलं की त्यांच्यासमोरच पान चालू करायचं. तयार ठेवा.”

“मी हे पान चालू करणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे करणार नाही. ‘नये’ परत आणा, लगेच करते.”

आसपासच्या टेबलांवरची टकटक थांबली. सर हळू आवाजात म्हणाले, “तुमच्यावाचून काही अडत नाही, मॅडम. मी करेन.”  मी बॅग उचलली आणि निघाले.

घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. सरांचा मेसेज होता. न उघडता, यादीतल्या एका ओळीत जेवढा मावला तेवढा दिसत होता: “उद्यापासून आपण कार्यालयात येऊ…”

मी काही दूधखुळी नाही. पुढे काय असणार ते मला कळत होतं. मी वहिनींना दाखवलं.

“येऊ?” वहिनी म्हणाल्या. “मग जा की. एवढं आपण-बिपण म्हणून बोलावतायत.” आणि माझ्याकडे बघून त्या अशा हसल्या की त्यांनाही पुढचं कळलं होतं हे मला समजलं.

मी मेसेज उघडला नाही. सकाळी नेहमीच्या वेळी ऑफिसात गेले. मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर इस्पितळाचं पान लागलं होतं, अर्थात इंग्रजीतलं. सिस्टर समोर बसल्या होत्या. सरांनी मला दारात पाहिलं आणि त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

“तुम्हाला मेसेज मिळाला नाही?”

“मिळाला ना सर. म्हणून तर आले.” मी फोन सिस्टरांपुढे ठेवला. “सिस्टर, जरा वाचून दाखवता? जेवढं दिसतंय तेवढंच.”

सिस्टरांनी चष्मा लावला. “‘उद्यापासून आपण कार्यालयात येऊ.’ बोलावलंय की तुम्हाला.”

“पुढे आहे,” सर म्हणाले. “पुढे वाचा, वाक्य पूर्ण नाही झालेलं.”

“पुढचं ठिपक्यांत गेलं, सर.”

“मग दाबा ना ते.”

“मी का दाबू? मला वाटलं वाक्य संपलं.”

सरांचा चेहरा उतरला. सिस्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी पडद्यावरची भाषा बदलली. करड्या, बारीक अक्षरांतल्या चौकटी एका उंचीत उभ्या राहिल्या. सिस्टर खुर्चीतून उठल्या, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. “बर्फ किंवा टूथपेस्ट लावू. फोडू. जखमेला चिकटलेला कपडा ओढू.” तिथे त्यांचं बोट थांबलं.

“हे आमच्या नावानं जाणार होतं?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला त्यांच्याकडे बघवेना. “आईबाप आता आमचंच ऐकून थापणार, आणि धरणार कोण? मीच.”

सर टेबलाकडे वळले. माझा फोन अजून टेबलावर उघडा होता. त्यांनी त्यावरची आपलीच ओळ पुन्हा वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती कालची मांडणी आहे का अजून?”

“तुम्ही पुसलीत. पण माझ्याकडे आहे.”

“लावा.”

मी लावली. प्रत्येक चौकटीत खालच्या ओळीवर ‘नये’ उभं राहिलं, काळं, जाड, एकटं. सिस्टरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, चष्मा काढून, तिथून ते वाचून पाहिलं आणि मान हलवली.

“चौकटी वेड्यावाकड्या दिसतायत,” सर पुटपुटले.

“दिसू देत,” सिस्टर म्हणाल्या.

पान चालू करायचं बटण मीच दाबलं. सिस्टर गेल्यावर सर आपल्या खुर्चीकडे वळले. मीही माझ्या जागेवर जाऊन बसले आणि पुढचं काम उघडलं. तो मेसेज मी अजूनही उघडलेला नाही. त्यांना मला खरंच काढायचं असेल तर समोर येऊन, मोठ्या अक्षरात, शेवटच्या शब्दापर्यंत सांगावं. तोवर मी येणार.