काठोकाठ

दारू सोडल्यापासून सकाळचा चहा झोल्चू ओततो. आमच्या नारिन भागात नवऱ्याने चहा ओतणं म्हणजे कोंबड्याने अंडं घालणं. शेजारणी हसून घेतात. पण पेल्यात तो दोनच घोट ओतायचा. मी संपवायची, पेला पुढे करायची, तो पुन्हा दोन घोट ओतायचा. माणसाला बसवून घ्यायची आमची हीच रीत. पेला काठोकाठ भरून दिला की पाहुण्याने ओळखावं, टोपी उचलावी आणि निघावं.

भाचीच्या लग्नाला निघताना कोटाची बटणं लावत तो म्हणाला, "बुरमा, आज एवढंच कर. माझ्या पेल्याला नाक लावू नकोस. लोकांत तरी नको."

"नाही लावणार."

"बघ हं."

"नानवर हात ठेवून सांगते," मी म्हणाले आणि ताज्या नानवर खरंच हात ठेवला. अन्नाच्या शपथेहून मोठी शपथ आमच्यात नाही.

मामा म्हणून आशीर्वादाचं पहिलं बोलणं त्याचं. पेला घेऊन उभा राहिला, आणि काय बोलला! नवरी लहानपणी शिंगरावरून पडली ती गोष्ट, तिच्या वारलेल्या बापाची हुबेहूब नक्कल. बायका रडता रडता हसल्या. मी मात्र त्याच्या पेल्याकडे बघत राहिले. शुद्धीतला झोल्चू मीठ मागायलाही शब्द शोधतो. असा तो फक्त प्यायल्यावर बोलायचा. या जिभेवरच तर मी भाळले होते.

सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवून आशीर्वाद घेतला. पेला ठेवून तो जावयाला मिठी मारायला वळला. तेवढ्यात माझा हात गेला. नाकाने भागलं नाही, घोटच घेतला.

पाणी. साधं नळाचं पाणी.

"अगं वहिनी, पहारा अजून उठला नाही वाटतं!" नणंद कानिम ओरडली. "तपासलंस ना? मग पास कर की बिचाऱ्याला!"

अख्खी पंगत खदखदली. झोल्चूही हसला. मग खाली बसला.

परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "रोज गोठ्यात घोकत होतो. मेंढ्यांपुढे. त्यांनी विश्वास ठेवला."

"मला वाटलं..."

"माहीत आहे काय वाटलं."

सकाळी तो चुलीपाशी होताच. आधी दूध, मग चहा. दोन घोट झाले तरी त्याचा हात थांबला नाही. चहा काठाला आला, काठाच्या वर फुगला, तेव्हा कुठे किटली खाली ठेवली. दोन्ही हातांनी पेला माझ्यापुढे सरकवला.

"भरलास," मी म्हणाले.

"हो."

आता या वयात मी कुठे जाणार? माहेरी भावजय माझ्या खोलीत बटाटे ठेवते. उठले नाही. उचलला असता तर सांडला असता, म्हणून पेल्यावरच ओणवी झाले.

तो बघत होता. आणि घोट घ्यायच्या आधी, त्याच्यादेखत, सवयीने मी वास घेतला.