धबधब्यापाशी हललेले ओठ

साहेबांना धड चालताही येत नाही. आई गुडघे धरत मागून येतेय याचं काही आहे का? आपले लांब लांब ढांगा टाकत पुढे. मधेच थांबायचं, मागे बघायचं, आणि ती जवळ पोचते न पोचते तोच परत चालायला लागायचं. म्हणजे दम खायचा यानं आणि धापा टाकायच्या हिनं.

साहेब म्हणजे तिचा लेकच. इस्त्रीच्या शर्टाशिवाय पाणीसुद्धा पीत नाही म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळणारा हा माणूस आज सकाळीच म्हणाला, आई, जंगलात धबधबा बघून येऊ, फार चालायचं नाहीये. सुनेचं डोकं दुखत होतं म्हणे. म्हातारी तिथेच सावध झाली. गेले काही दिवस नवराबायको दार लावून कुजबुजत होते, आणि ही आत गेली की हवापाण्यावर घसरत होते. आपल्याला एकटीला टाकून निघालेत की काय, एवढंच तिला कळायला हवं होतं. पण आपण होऊन विचारणार ती कसली.

वाटेत एका आडव्या झाडावर टेकून तिनं विषय काढून दिला. घर हल्ली मोठं मोठं वाटतं, म्हणाली. साहेबांनी वर पानांकडे बघत सांगितलं की इथली हवा फार छान आहे.

धबधबा तसा बेताचाच, पण आवाज असा की आपलं खोकणं आपल्याला ऐकू येऊ नये. ती दगडावर बसली. तो काठाशी अर्धवट पाठ करून उभा राहिला आणि त्याचे ओठ हलायला लागले. शाळेत असताना कविता घोकायचा तसा, मान हलवत.

आता हिची उभी हयात कापडाच्या कारखान्यात मागावर गेलेली. सगळे माग एकदम खडखडायला लागले की कान असून नसल्यासारखे. बाया एकमेकींचे ओठ बघून बोलायच्या. कुणाची सासू कशी, मुकादम कुठवर आला, सगळं. लेकानं आईला त्या दिवसांबद्दल कधी विचारलंच नव्हतं, तेव्हा हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आई, आम्ही परगावी जातोय, कायमचे. ओठ थांबले. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला 'कायमचे' गाळलं. तिथलं घर लहान आहे, तुला नेता येणार नाही. मग नुसतंच आई, आई.

कोपर मारून 'बघितलंस का गं' म्हणावं अशी मागावरची एकही मैत्रीण आता उरली नव्हती. तिनं चष्म्यावरचं पाणी पुसलं.

तो वळून जवळ आला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं वाकून तिच्या कानाशी सांगितलं, पाय भिजतील, निघूया.

परतताना पाण्याचा आवाज मागे पडला. साधं बोललेलंही ऐकू येईल इतकी शांतता झाली. तो बोलला, पण एका पक्ष्याबद्दल.

त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. ती आत बसली नाही.

"जायचंय ना, खुशाल जा," ती म्हणाली. "मला काही कुणी खात नाही. पण जे पाण्याला सांगितलंस ते आईला सांगवलं नाही तुला. वाईट नाहीस रे तू, भित्रा आहेस. आणि भित्र्याच्या घरात मी आजवरही एकटीच राहत होते."