फॅन सुरू झाला तेव्हा

विरूपाक्षअप्पांनी लॅपटॉपवरचा आलेख पाहिला आणि वर्षाराणीला गाडीतून उतरायला सांगितलं.

पेठ वडगावच्या पुढं माळावर मातीचा ट्रॅक होता. रविवारच्या शर्यतीसाठी अप्पांची गाडी तिथं सरावाला आणली होती. त्या वर्षी, दोन हजार चार साली, अप्पांनी हौसेनं गाडीत डेटा लॉगर बसवून घेतला होता. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, गाडीचा वेग किती, हे सगळं त्यात साठायचं. शेवटच्या दोन राउंडला इंजिन नऊ हजारांच्या वर गेल्याचं त्यात दिसत होतं. सात हजारांच्या पुढं न्यायचं नाही, असं अप्पांनी बजावलेलं होतं.

वर्षाराणी गडहिंग्लजची. अप्पा तिच्या वडिलांचे मित्र, म्हणून घरच्यांनी तिला गाडी चालवायला पाठवलं होतं. मुलगी इंजिन फोडणार, असं टीममधले लोक पहिल्या दिवसापासून म्हणत होते. आता अप्पांनाही तसंच वाटलं. रविवारी रुद्रेश गाडी चालवेल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रुद्रेश त्यांचा पुतण्या.

वर्षाराणी वाद घालत बसली नाही. हेल्मेट बॉनेटवर ठेवून ती प्रसेनजीतकडं गेली. लॉगर त्यानंच बसवला होता.

"दादा, समोरचा काटा साडेसहा हजारांच्या वर गेला न्हाय. मी बघत होते की."

समोरच्या काट्यापेक्षा लॉगर जास्त अचूक असतो, असं प्रसेनजीतनंच अप्पांना पटवून दिलं होतं. त्यामुळं त्याला आधी तिचं म्हणणं नको वाटलं. तरी त्यानं आलेख मोठा करून पाहिला. इंजिन सहा हजारांवरून एकदम नऊ हजारांवर उडी मारत होतं आणि तसंच एकदम खाली येत होतं. गाडीचा वेग मात्र जागचा हलत नव्हता. गिअर तोच असताना असं होणं शक्यच नव्हतं. चूक आपलीच निघणार, हे त्याला कळून चुकलं.

त्यानं अप्पांना थांबायची विनंती केली आणि वर्षाराणीला गाडी जागेवरच चालू ठेवायला सांगितलं. तिनं पाय स्थिर धरला. काटा तीन हजारांवर, लॉगरही तीन हजारांवर. बराच वेळ काहीच झालं नाही. अप्पा घड्याळ बघायला लागले. रुद्रेशनं हातमोजे चढवले.

मग इंजिन तापलं, रेडिएटरचा फॅन सुरू झाला आणि लॅपटॉपवरचा आकडा थेट सहा हजारांवर गेला. काटा जागच्या जागी. इंजिनचा आवाजही तसाच. फॅन थांबला, आकडा उतरला.

प्रसेनजीतनं बॉनेट उघडलं. ठिणगीचे झटके मोजून इंजिनचे फेरे कळावेत म्हणून स्पार्क प्लगच्या केबलला गुंडाळलेली लॉगरची वायर त्यानं फॅनच्या वायरीबरोबर एकाच पट्टीनं बांधली होती. फॅनची मोटर चालली की तिचे झटकेही लॉगर इंजिनचे म्हणून मोजत होता. पहिल्या राउंडला इंजिन गार असायचं, म्हणून तेव्हा काही दिसत नव्हतं.

"अप्पा, चूक माझी हाय. हिची न्हाय," तो म्हणाला.

वायर सोडवून त्यानं दुसऱ्या बाजूनं नेली. वर्षाराणीनं पुन्हा राउंड मारले, फॅन सुरू झाल्यावरही मारत राहिली. आलेख सरळ चढत होता, सरळ उतरत होता. साडेसहाच्या वर एकदाही गेला नव्हता.

अप्पा आलेखाकडं पाहत राहिले. मग ते गाडीच्या खिडकीशी आले.

"रविवारी तूच चालीव. आणि मी असं चारचौघांत परत बोललो, तर तू बी तोंडावर बोल मला."

तिनं इंजिन बंद केलं. रुद्रेशनं हातमोजे काढून तिच्या हातात दिले आणि हिचे राउंड माझ्यापेक्षा चांगलेच बसतात, असं प्रसेनजीतला सांगून तो चहाला गेला. प्रसेनजीत टायरला टेकून खाली बसला. त्याला आता कुठं भूक लागली होती.

वर्षाराणीनं लांब जाऊन घरी फोन लावला. अवेळी फोन आला, तशी पलीकडून आईनं काय झालं म्हणून विचारलं.

"काय न्हाय गं अव्वा. सगळं बरं हाय," ती म्हणाली आणि फोन कानाला धरून बांधावर निवांत बसली.