कमळाबुढीवरचा आळ

चैतूच्या वाट्याची पेज कमळाबुढीनं गिळली, असं गावानं ठरवून टाकलं होतं. गावाला असलं काही ठरवायला फार वेळ लागत नाही. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं, एक खुद्द बुढीला आणि दुसरी चैतूच्या आईला, सोमारीला. बुढी सांगून सांगून थकली होती. सोमारीनं तोंडाला कुलूप लावलं होतं.

झालं होतं ते असं. धान निघालं की सावली तालुक्यातल्या या गावात हाताला काम उरत नाही, म्हणून माघ लागताच अर्धं गाव टेम्पोत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातं. घरी सांभाळायला कुणी नसलं तर लेकरंही सोबत. चैतू तेव्हा नुकता वर्षाचा झाला होता. गावात राहिला असता तर अंगणवाडीचं अंडं त्याच्या पोटात गेलं असतं. तिकडे ना आपली अंगणवाडी, ना आपलं रेशन. लेकरं शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली, सोबत नेलेल्या कमळाबुढीकडे सोडायची आणि त्या बदल्यात तिला दोन वेळ जेवू घालायचं, असा रिवाज. बुढीची कंबर वाकलेली, तिला मिरचीचा तोडा जमत नव्हता.

चैतू पेजेला तोंड लावायचा नाही. त्याला आई हवी असायची. पहिले आठ दिवस बुढी बांधावरून हाक मारायची आणि सोमारी ओळ सोडून धावायची. पण मिरची तोडलेल्या हातांची आग पाण्यानं जात नाही. राखेनं घासा, तेल चोळा, पुन्हा धुवा, तेव्हा कुठे लेकराला जवळ घ्यावं. एकदा घाईघाईत ती तशीच पाजायला बसली, तर पोरानं ओठ लावले आणि असं किंचाळलं की शेजारच्या शेतातली माणसं वळून बघू लागली. मजुरी वजनावर होती. बाकीच्या जोड्या पुढे निघून जायच्या आणि नवरा लच्छू पुटपुटायचा, की मिरची भरायचं आपलंच चुंगडं रोज अर्धं राहतं.

नवव्या दिवशी सोमारी बुढीला म्हणाली, "रडला तरी मले हाक मारू नोको. बिस्कीट दे, चूप होते."

बुढीनं अडवून पाहिलं. बिस्किटावर लेकरू जगत नाही, एवढं तिनं दोनदा सांगितलं. सोमारीनं कानाआड केलं. पुढे थोड्याच दिवसांत चैतूनं अंगावरचं दूध सोडलं, तेव्हा तर तिला हायसंच वाटलं होतं. आता दिवसरात्र मनाला खात होतं ते हेच. पोरानं आईकडे पाठ फिरवली आणि आईला हायसं वाटलं.

चैत्र संपता संपता सगळे परतले. अंगणवाडीच्या दीपिकाबाईंनी चैतूच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावली आणि ती लाल खुणेवर गेली, म्हणजे पोर कुपोषित. एवढं कसं वाळलं पोरगं, म्हणून त्यांनी विचारलं. लच्छू फटकन बोलून गेला, "बुढीनं उपाशी ठेवलं, दुसरं काय." सोमारीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यावर गावाचं भागलं.

पुढचे चौदा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईंनी वाटी-चमचा हाती देऊन दर दोन तासांनी भरवायला शिकवलं. दर दोन तासांनी! शेतात दोन तासांत किती ओळी होतात, याचा हिशेब सोमारीच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिची तिलाच लाज वाटली. दूध कधी सुटलं, असंही नर्सबाईंनी विचारलं. "आपोआप सुटलं," ती म्हणाली. दहाव्या दिवशी चैतू पहिल्यांदा हसला, तेव्हा ती ढसाढसा रडली. नर्सबाईंना वाटलं, आनंदानं रडते आहे.

घरी आली तोवर तेंदूपत्त्याचा हंगाम लागला होता. पानांचे मुडे, म्हणजे जुड्या, बांधायला दरवर्षी लोक बुढीला घरी बोलावत. यंदा कुणी बोलावलं नाही. बोअरिंगवर ती दिसली की बाया लेकरं पदराआड घ्यायच्या. कुणीतरी तिला 'लेकरं खाणारी' म्हटलं होतं, आणि आमच्या मुलुखात असा शब्द एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. बुढी आता भर दुपारी, कुणी नसताना पाण्याला जायची.

अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. चैतूचं वजन वाढलं म्हणून दीपिकाबाई खूश झाल्या. ओसरीवर लेकरू घेऊन बसलेली चंचल, तीही तोड्याला गेली होती, म्हणाली, पुढच्या वर्षी त्या बुढीला टेम्पोत घ्यायचंच नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नेमकी त्याच वेळी कमळाबुढी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन रस्त्यानं चालली होती. तिनं ऐकलं आणि ऐकलंच नाही असं करून ती पुढे निघाली. चैतूला काखेत घेऊन सोमारी रस्त्यावर आली.

"बुढीनं काई नाई केलं," ती ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ते मले बोलावत होती. मीच म्हनलं, हाक मारू नोको. मिरचीसाठी म्हनलं."

चंचलनं मान खाली घातली. आपल्या लेकरासाठी तिनंही बुढीला तेच सांगितलं होतं. आता बुढी रडेल, किंवा शिव्या तरी देईल, असं सोमारीला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बुढीनं भारा खाली ठेवला आणि चैतूचा दंड हातात घेऊन चाचपून पाहिला.

"हाक मारू नोको म्हनली, ते मी समजली," ती म्हणाली. "पोटासाठी म्हनली. मीबी जलमभर मिरची तोडली हाये. पन महिना झाला, ह्या बाया मले लेकरं खानारी म्हनून राह्यल्या, आन् तू बाजूले उभी राहून आयकून राह्यली. ते कोनाच्या पोटासाठी, सोमारी?"

बुढी भारा उचलायला वाकली. एकटीला तो उचलेना. सोमारी हात लावायला पुढे झाली, तशी बुढी म्हणाली, "राहू दे," आणि दीपिकाबाईंना हाक मारली.