धारेच्या वेळचा भोंगा

धारेला बसल्यावर गोठ्यात कुणी मोठ्यानं बोललेलं दादाला खपायचं नाही. म्हैस पान्हा चोरते, म्हणायचा. मी सकाळी दुधाला जायचो ते खोकला दाबून दाराशी उभा राहायचो. बादलीत धार वाजायला लागली की मग हळूच आत.

दादा म्हणजे आमच्या गावातला गवळी. धाकट्या भावाचा दादा, तोच हळूहळू सगळ्या गावाचा दादा झाला. अंगानं आडवा, पण म्हशीच्या कासेला हात लावताना असा हलका, की बघत राहावं. त्याची आई ठार बहिरी. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चारापाणी बघायची आणि धाकट्या भावाची बायको, सगळे तिला धाकटीच म्हणत, दादाच्या बरोबरीनं धारा काढायची. तो धाकटा भाऊ तेवढा गोठ्याकडे फिरकायचा नाही. त्याचा टेम्पो होता. अंगाला शेणाचा वास आला तर गिऱ्हाईक जवळ बसत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या सकाळी दादा नुकता बसला होता. दोन धारा पडल्या असतील-नसतील, तोच गोठ्याच्या मागून ससाणा किंचाळला. एवढ्या जवळून, की माझाच हात कानावर गेला. त्याच्या मागोमाग कुत्र्यांची झुंड भुंकली, मग कुणीतरी पत्रे बडवले आणि शेवटी धडाम करून एक बार उडाला. म्हशीनं लाथ झाडली. बादली एकीकडे, दादा एकीकडे, आणि दूध सगळं फरशीवर.

"हे काय नवीन?" वहिनी आतून धावत आली.

गोठ्याच्या मागं बांध आणि बांधापलीकडे द्राक्षाची बाग. बागेच्या कोपऱ्यात एक खांब उभा राहिला होता. त्यावर मोठा भोंगा, ससाण्याचे-कुत्र्यांचे भरलेले आवाज काढणारा, तोंड गोठ्याच्या दिशेला. शेजारी लोखंडी नळकांडं, गॅसवर बार उडवणारं. लोक नंतर त्याला तोफ म्हणायला लागले. पाखरं हाकलायला आणलेली यंत्रं. पाखरं येतात सकाळी उजाडताना आणि सांजेला, आणि म्हशींच्या धाराही त्याच वेळेला. तिथंच सगळी मेख होती.

बागवाला काही परका माणूस नव्हता. दादाचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले होते. बागवाल्याचा बाप आजारी पडला तेव्हा दादानं त्याला पाठीवर घेऊन नाला ओलांडला होता. तेव्हा दादा भांडायला म्हणून गेलाच नाही. दुधाचा तांब्या हातात घेऊन गेला. मी सोबत होतो.

बागवाला वेलीखाली वाकून घड बघत होता. दादानं सांगितलं ते ऐकून हसला.

"अरे, पाखरं काय तुझ्या म्हशींना विचारून येतात? हे बघ, एकेक मणी टोचलाय. असा घड कोण घेईल?"

"तुझं नुकसान मला दिसत नाही का," दादा म्हणाला. "हाकल की पाखरं. फक्त हे गोठ्याच्या कानात नको. नाल्याकडच्या टोकाला लाव."

"झालं तर मग. हलवतो." बागवाल्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी हलवतो. दुसऱ्या कुणासाठी हललो नसतो."

आणि खरंच हलवला. पुढचे काही दिवस भोंगा लांब नाल्याकडे ओरडायचा, कुणाच्या तरी शेतातली भांडणं ऐकू यावीत तसा. म्हशी पुन्हा पान्हवायला लागल्या. दादा गावात भेटेल त्याला सांगायचा, "शब्दाचा माणूस आहे तो."

मग एका सकाळी भोंगा परत जुन्या खांबावर, तोफही शेजारी. दादा गेला तर बागवाला म्हणाला, "गड्यांनी आणला असेल. बघतो." दुसऱ्या खेपेला म्हणाला, "आज हलवतो." तिसऱ्या खेपेला त्याच्या बायकोनं दारातून सांगितलं, की ते घरी नाहीत. त्याच्या चपला दारातच होत्या.

दूध आटत गेलं. दादानं म्हशींच्या कानात कापडाचे बोळे घालून बघितले, त्या मान झटकून पाडायच्या. गोठ्याच्या मागच्या भिंतीला गवताच्या पेंढ्या रचल्या. काही उपयोग झाला नाही. भांड्यात दूध कमी पडलं की गिऱ्हाईकं तोंड वाकडं करायची. एक बाई तर म्हणाली, "पाणी घालायला लागलास का दादा?" हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

घरात धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, तू उगाच मनाला लावून घेतोस. जनावरं सवय करून घेतात."

म्हशींमध्ये एक काळीभोर म्हैस होती, गाभण, दिवस भरत आलेले. दादा तिला रोज संध्याकाळी स्वतः पाण्यावर न्यायचा. त्या संध्याकाळी ती दावणीला यायला वळली आणि तोफ उडाली. म्हैस बिथरली, तिनं दाव्याला हिसका दिला, ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि ती पोटावर आपटली. दादा तिच्या डोक्याशी बसला. जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं हात आत घातला आणि मान हलवत बाहेर काढला. रेडकू मेलेलं होतं. म्हैस वाचली.

आई बिचारी दारात उभी राहून विचारत होती, "काय झालं रे? काय झालं?" कुणाला ओरडून सांगायचा धीर होईना. शेवटी धाकटीनं हातांनी खूण करून सांगितलं. म्हातारीनं डोक्यावर पदर ओढला आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. मास्तर आता शाळेतून निवृत्त झाले होते, पण गावातली भांडणं अजून त्यांच्याच पुढं यायची. गाव जमलं. आठवडाभर चहाच्या टपरीवर भोंग्याच्या नावानं बोटं मोडणारे सगळे होते. दादानं सांगायचं ते सांगितलं. मी बोललो, पण माझं घर पार दुसऱ्या टोकाला, माझ्या बोलण्याला कितीसं वजन असणार. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. निम्म्या लोकांच्या घरातलं कुणी ना कुणी बागेत कामाला होतं.

मास्तरांनी बागवाल्याला विचारलं, "तू शब्द दिला होतास ना हलवायचा?"

"दिला होता आणि हलवलाही होता," बागवाला म्हणाला. "पण पाखरं याच बाजूनं उतरतात. मी परत आणायच्या आधी विचारलं त्यांच्या घरात. हरकत नाही म्हणाले. आता मी काय समजायचं?"

"कुणाला विचारलंस?" दादानं विचारलं. "मला?"

बागवाल्याची नजर गेली ती दादाच्या शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे. आणि मग सगळ्यांचीच गेली.

धाकटा भाऊ घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे, मी एवढंच म्हणालो की फार त्रास नाही. आणि नाहीच आहे. म्हैस म्हातारी होती, ती कशीही पडली असती."

"तिसरं वेत होतं तिचं," मागून आवाज आला.

धाकटी उभी राहिली होती. बायका बसल्या होत्या त्यांच्यामधून. हाताला गोठ्यातला वास तसाच असेल, सकाळची धार काढून तशीच आली होती.

"तिसरं वेत, तिसऱ्यांदाच विणार होती," ती पुन्हा म्हणाली. "म्हातारी नव्हती. आणि गड्यांनी भोंगा आणला नाही. यांनी आणला. टेम्पोत घालून. मी बांधावर गवत कापत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खांबाला तार यांनीच गुंडाळली."

"तू घरी चल," धाकटा भाऊ म्हणाला.

"चलते की. घर तिथंच आहे. भोंगा पण तिथंच आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. दादा भावाकडे बघत होता. मला वाटलं आता मारतो. पण त्यानं फक्त विचारलं, "बागेचा माल तुझ्या टेम्पोतून जाणार, म्हणून?"

धाकट्या भावानं मान फिरवली. मग बोलला तो मास्तरांकडे बघून, दादाकडे नाही. "किती वर्षं शेण उचलायचं आम्ही? मी सांगून सांगून थकलो, म्हशी विकू, गोठ्याच्या जागी गाडीला शेड करू. हा ऐकतो का? स्वतःहून यानं कधी विकल्या नसत्या. म्हटलं, दूध आटलं तर विकेल."

बागवाल्यानं मान खाली घातली होती. त्याला हे ठाऊक होतं, हे त्याच्या मानेवरूनच कळलं.

मास्तरांनी निवाडा दिला. तोफ बंद. भोंगा नाल्याकडे. या बाजूच्या वेलींवर बागवाल्यानं जाळी टाकायची. बागवाला सगळ्याला हो म्हणाला. उठताना दादाजवळ आला, खांद्यावर हात ठेवायला गेला. दादा तेवढ्यात वाकून चप्पल घालायला लागला. चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला. बागवाला थोडा थांबला आणि निघून गेला.

जाळी लागली. भोंगा हलला. लोक दादाला म्हणायला लागले, "बरं झालं, जिंकलास." दादा हं म्हणायचा.

घर वाटलं गेलं नाही. चूलही एकच राहिली. फक्त धाकटा भाऊ जेवायला बसला की दादाचं जेवण झालेलं असायचं. काही लागलं तर दादा धाकटीला सांगायचा, "त्याला विचार, डिझेल आणायला जाणार असेल तर पेंडीचं पोतं आणेल का." ती दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारायची. तो हो म्हणायचा. पोतं यायचं.

एका सकाळी मी दुधाला गेलो. दादा आणि धाकटी, दोघंही धारेला बसलेली. बाहेर अंगणात कसलीतरी खरखर ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. धाकटा भाऊ टेम्पो ढकलत होता. एकटाच. दार उघडं टाकून, एका हातानं स्टिअरिंग धरून, खांदा लावून. पार रस्त्याच्या वळणापर्यंत त्यानं तो तसाच नेला, आणि तिथं जाऊन मग चालू केला.

"रोजचं आहे हे," धाकटी खालच्या आवाजात मला म्हणाली. "धारा चालू असल्या की इथं इंजिन लावत नाहीत."

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नव्हती. बादलीतली धार एकसारखी वाजत होती.

"दादा, ऐकलंस का?" मी विचारलं.

"ऐकलं," दादा म्हणाला. "मी कुठं बहिरा आहे."

मग त्यानं दूध मापून माझ्या भांड्यात ओतलं, आणि पुढच्या म्हशीकडे वळला.