काचेच्या मागून

मशीन दुकानात शिरेना म्हणून अमृतानं दाराची चौकट काढायला लावली. तीस वर्षांची सागवानी चौकट होती, तरी मी काय बोललो नाय. पण हमालांनी ते धूड उचलून खिडकीखालच्या कोपऱ्यात नेलं आणि माझं डोकं फिरलं.

"तिथं नाय ठेवायचं," मी म्हणलं.

"बाबा, दुसरीकडं जागा दाखवा, तिथं ठेवते," लेक म्हणाली.

जागा नव्हतीच. उस्मानपुऱ्यातलं आमचं दुकान केवढं, तर दोन माणसं आडवी झाली की तिसऱ्यानं उभं राहायचं एवढं. बाहेर पाटी, 'कडुबा पेंटर'. कडुबा म्हणजे मी. आणि त्या कोपऱ्यात चंपाचा पाट होता. चंपा अमृताची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, पाट मी हलवला नव्हता. त्या दिवशी हमालानं तो पायानं सरकवला.

हे दोन हजार एकोणीसचं सांगतोय. दुष्काळाचा उन्हाळा, नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि बायपासला मात्र बिल्डिंगीवर बिल्डिंग उठत होती. पाण्याचा पत्ता नाय, पण फ्लॅट विकले जायचे, आणि फ्लॅटवाल्यांना दारावर काचेची नावाची पाटी पाहिजे, मागं फुलं, मोर, काय काय. माझ्या हातानं दिवसाला दोन पाट्या व्हायच्या. अमृता वाळूजला छपाईच्या कारखान्यात होती, तिथं शिकली आणि हे यूव्ही मशीन घेऊन आली. काच, फरशी, लाकूड, काय बी त्यावर आडवं ठेवा. छापणारं डोकं इकडून तिकडं फिरतं, मागोमाग जांभळा उजेड फिरतो, आणि रंग तिथल्या तिथं वाळतो.

माझं दुखणं नेमकं तेच होतं. आमचा रंग वाळायला अख्खी दुपार जायची. तेवढा वेळ मी आणि चंपा बोलत बसायचो. कुणाची सून कशी, कुठल्या बोअरला पाणी लागलं, असलंच. आता मला तिची आठवण येते ती सणावाराला नाय, दुपारी तीनला येते. रंग वाळत असतो आणि बोलायला कुणी नसतं.

चंपा शाळेत गेली नव्हती. अक्षरं ती माझ्याजवळ बसून शिकली, आणि तिथंच घोळ झाला. काचेवरचं नाव आम्ही मागच्या बाजूनं रंगवतो, म्हणजे हात लागून, पाणी लागून रंग जात नाय. मागून लिहायचं तर उलटं लिहावं लागतं, उजवीकडून डावीकडं. चंपा रंग कालवत माझ्या बाजूला बसायची, म्हणजे काचेच्या मागंच. पंधरा वर्षं तिनं अक्षरं मागूनच पाहिली. पुढं वाचायला दोन्हीकडून यायला लागलं, पण हात उलटाच वळायचा. शहागंजातले माझे उस्ताद उर्दूच्या पाट्या रंगवायचे. ते तिला चिडवायचे, "भाभी, मराठी लिखती हो, मगर हमारी तरफ से." ती पदरात तोंड लपवून हसायची. सरळ लिहायला शिकवतो उद्या, असं मी किती वेळा म्हणलं असंल. तो उद्या काय उगवला नाय.

मग दोन हजार तेराचा दुष्काळ आला. आमच्या वस्तीत टँकर यायचा. एक जण रजिस्टर घेऊन बसायचा. आधी सही करायची, मग पाणी. त्या दिवशी चंपाचा पहिला नंबर होता, पहाटेपासून ड्रम लावून उभी, ड्रम उचलायला मी बाजूला. रजिस्टरचं कोरं पान उघडलं. सगळ्या बाया अंगठा लावायच्या, हिनं पेन मागितलं. जीभ दातात धरून सावकाश नाव लिहिलं. उलटं.

"ही कुठली भाषा?" तो माणूस म्हणाला. बाया वाकून बघायला लागल्या आणि हसू फुटलं. त्यानं पान टराटरा फाडलं, बोळा करून फेकलं. "रजिस्टर खराब केलं सगळं," म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अख्ख्या शहराची नावं लिहिणारा पेंटर, आणि त्याची बायको अशी. मला लाज वाटली. मी म्हणलं, "अंगठा लाव गं. पाण्याचा खोळंबा करू नको."

तिनं अंगठा लावला. त्यानंतर तिनं पेन हातात धरलं नाय, दुकानात बी नाय. मला एका शब्दानं बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर तिच्या रंगाच्या डबीत ते पान सापडलं. बोळा उचलून, हातानं सरळ करून, चार घड्या घालून ठेवलं होतं. तिच्या हातचं तेवढंच माझ्याकडं उरलं. तिचं नाव तिच्याच अक्षरात एकदा तरी लोकांना सरळ वाचता यावं, एवढंच मला पाहिजे होतं. मला स्वतःला ते रंगवता आलं नाय. चारदा ब्रश घेतला, चारदा अक्षर माझंच उमटलं.

मशीन लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बिल्डर नमुना बघायला येणार होता. अठ्ठेचाळीस फ्लॅटांचं काम. अमृतानं त्याच्यासाठी एकच काच घासून ठेवली होती. मी पान पुढं केलं.

"आधी हे छाप."

"बाबा, आज नको ना. काय आहे हे? वाचता बी येत नाय."

तेराला ती पुण्याला शिकत होती, तिला यातलं काय माहीत नव्हतं. मी पान तिच्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि खिडकीच्या उजेडाला धरलं. पलीकडून शाई दिसायला लागली. चंपाबाई. सरळ, नीट, पहिल्या अक्षरावरचं टिंब सुद्धा.

एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी टँकरपाशी. पान पालथं करून उजेडाला धरायचं आणि म्हणायचं, बघा, बरोबर लिहिलंय माझ्या बायकोनं. पेंटर माणूस मी, मला नाय कळणार तर कुणाला? पण मूग गिळून बसलो. आता सहा वर्षांनी, वरातीमागून घोडं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. मग बिल्डरची काच तिनं मशीनवर ठेवली, पान स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरवर हात गेला.

"काचेवर मागून छापायचं तर आधी उलटं करावं लागतं," ती सवयीनं म्हणाली.

"हे नको करू उलटं," मी म्हणलं. "तुझ्या आईनं करून ठेवलंय."

तिनं डोळे पुसले आणि बटण दाबलं. मागं पांढरा थर देऊ नको, दोन्हीकडून दिसू दे, एवढं मी आधीच सांगितलं होतं. छापणारं डोकं फिरलं, जांभळा उजेड फिरला. मी सवयीनं बसायला पाट ओढला, तोवर रंग वाळला होता.

बिल्डर आला तेव्हा अमृतानं त्याला उद्या या म्हणून सांगितलं. तो कुरकुरला, पण आला दुसऱ्या दिवशी.

नव्या दारात आम्ही ती काच बसवलीय. रस्त्यानं जाणारा येणारा वाचतो, चंपाबाई. मी आत मशीनशेजारी पाटावर बसतो. मला तिथून ते उलटं दिसतं, तिनं लिहिलं होतं तसं. दुपारी तीनला मी तिकडं बघत बसतो.