चंपाचा पट्टा

अख्खं गोडाऊन त्या पट्ट्याला शिव्या घालतं. मीही घालते. पण खरं सांगू? पट्टा चुकला नव्हता.

वळ गावच्या गोडाऊनमध्ये मी आणि चंपा पाच वर्षं माल काढायच्या कामाला. कंपनीचे मोठे साहेब कुठून कुठून नवीन यंत्रं शोधून आणायचे आणि आधी आमच्यावर लावून बघायचे. जमलं तर सगळ्या गोडाऊनांत. बोलणारा हेडफोन आला, कॅमेऱ्याचा चष्मा आला, दोन्ही परत गेले. मग आला मनगटावरचा पट्टा. कोण किती चाललं, किती उचललं, छाती किती धडधडते, सगळं सुपरवायझर भूपेशच्या स्क्रीनवर. महिनाभर ट्रायल, आणि ज्याचा आकडा कमी त्याला नारळ.

चंपाला दम लागायचा. तिच्या नवऱ्याचा, लहानूचा, कापडाचा लूम बंद पडलेला, घर तिच्यावर. "कमळ, मी काय टिकत न्हाय गो," म्हणत रडायला लागली.

"रडतेस काय येड्यासारखी? आण तो पट्टा इकडं!"

माझ्याएवढा चपळ हात तिथे कुणाचा नव्हता. शिवाय गोडाऊन उभं आमच्या सासऱ्यांच्या जागेवर, जागेच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी ठरलेली. मला कोण काढतंय? रोज सकाळी बाथरूममध्ये आम्ही पट्टे बदलायचो. तिसऱ्या आठवड्यात चंपा पहिली आली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

शेवटच्या दिवशी साहेब आलेले असतानाच स्क्रीन लाल झाली. त्यावर माझं नाव आणि मला नेमलेली लाइन: कमळ, लाइन चार. सगळे माझ्याकडे धावले. मी आपली धडधाकट, हातात शाम्पूचा खोका.

"छातीत दुखतंय काय?" भूपेशने विचारलं.

"न्हाय बा."

साहेब हसले. "बंद कर ती स्क्रीन. उगाच बोंबलतंय."

मला तेव्हाच कळलं होतं. माझा पट्टा चंपाच्या हातात होता आणि चंपा होती लाइन अकराला. पण तोंड उघडलं तर तिची नोकरी जाणार. वाटलं, दम लागला असेल, बसेल जरा. साहेब गेले की जाते. मेल्याचं बोलणंच संपेना! दहा मिनिटं मी तशीच उभी राहिले, मग खोका टाकून पळाले.

चंपा रॅकला टेकून बसलेली. हाक मारली, हलवली, हात गार लागला. ओरडायच्या आधी मी आमचे पट्टे बदलले. मेल्यावर तिला कुणी चोर म्हणायला नको, एवढंच सुचलं.

कंपनीने पट्टा परत पाठवला. ज्या बाईला गरज होती तिच्यासाठी वाजला नाही, भलतीसाठी वाजला. असलं यंत्र कोण घेणार?

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेले. चंपाच्या फोटोशेजारी लहानूने पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र लावलेलं.

"कमळताई," तो म्हणाला, "पट्टा वेळेवर वाजला असता तर वाचली असती ना ती?"

"होय दादा," मी म्हटलं. "वाचली असती."